सातबाऱ्यावरची पाइपलाइन कमी करून देणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

नाव कुठे घालायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून नुसतं अण्णा. आभार मात्र चारचौघांतच मानायचे होते. सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात बंद पाइपलाइनच्या हक्काची जुनाट नोंद घेऊन बसलेले पुष्कळ आहेत, त्यांनाही तुमची रीत कळू दे.

आमच्या शेतातली पाणीयोजनेची पाइपलाइन बंद पडून एक पिढी उलटली. पाइप गंजले, उपसून भंगारात गेले. कागदावर मात्र पाणी वाहतच होतं. वाटणी झाली तेव्हा ती नोंद सगळ्या पोटहिश्श्यांवर उतरली, ज्यांच्या बांधालाही पाइप कधी शिवला नाही त्यांच्यासुद्धा. कर्जाला गेलं की बँकेचा वकील नेमका तिथे अडायचा.

जो तो सांगायचा, तहसीलला जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज टाका, लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक, म्हणून नोंद उडवून घ्या. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "प्रमाद कुठला? नोंद बरोबर आहे. ज्याचा हक्क त्याने सोडल्याशिवाय तलाठी काय खोडणार?" निवृत्त अव्वल कारकुनाकडूनच असं ऐकायला मिळावं!

मग नोंदीशेजारचा फेरफार नंबर धरून तुम्ही मागे मागे गेलात. फेरफाराची नक्कल, तीवरून मूळ दस्ताचा नंबर, मग दुय्यम निबंधकांकडून दस्ताची प्रत. सोबतच्या कच्च्या नकाशावर पाइपलाइनच्या पट्ट्याची रुंदी फुटांत लिहिलेली होती, आणि हक्क कुणाला दिला तेही. ती योजना केव्हाच दुसऱ्या संस्थेकडे वर्ग झाली होती. आम्हाला मात्र सगळे जुन्याच कार्यालयात पाठवत होते.

पुतण्याने 1882 च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी नेण्यासारखा हक्क) कायद्यातलं कलम 47 काढलं होतं: 20 वर्षं सलग न वापरलेला हक्क संपतो. तुम्ही ते खोडून काढलं नाहीत. पण वापर कधी थांबला हे दिवाणी कोर्टात शाबीत करत बसण्यापेक्षा सही करणारा जिवंत माणूस शोधा म्हणालात. तो सापडला. संस्थेचा ठराव झाला, हक्क सोडल्याचा दस्त नोंदला गेला. मसुद्यात प्रत्येक पोटहिश्श्याचा नंबर तुम्ही स्वतः ताडून पाहिलात. एक जरी सुटला असता तर तेवढ्यासाठी पुन्हा सगळ्या सह्या. पुढचं सरळ होतं: फेरफाराला अर्ज, नोटीस, हरकतीचे 15 दिवस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी.

नवा सातबारा निघाला, त्याची प्रत सोबत आहे. फी तर तुम्ही घेतली नाहीत, निदान झेरॉक्सचे पैसे तरी घ्या. आणि शेजारच्या गटवाल्यांच्या उताऱ्यावरही हीच लाइन आहे. रविवारी त्यांना घेऊन येऊ का?

आपला,
एक खातेदार