आधी आजीला विचारा

मा. संपादक,

कॅनडातल्या विनिपेग शहरात मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. एका मूळनिवासी आईचं दोन दिवसांचं बाळ बालसंरक्षण कर्मचारी घेऊन गेले, तेव्हा पान्ह्याने भिजलेला तिचा गाऊन मीच बदलला. ‘या आईचं बाळ जन्मलं की आम्हाला कळवा’ अशी सूचना बालसंरक्षण विभागाने बाळंतपणाआधीच रुग्णालयाला धाडण्याची पद्धत आमच्या मॅनिटोबा प्रांताने १ जुलै २०२० पासून बंद केली, हे चांगलंच झालं. तरी २०२१ च्या जनगणनेत कॅनडातल्या १५ वर्षांखालील मुलांत मूळनिवासी ७.७ टक्के, आणि सरकारने दुसऱ्या कुटुंबांत ठेवलेल्या मुलांत ५३.८ टक्के!

त्या आईकडे पाळणा नव्हता, भाडं थकलं होतं. आजी मात्र दाराबाहेरच उभी होती. तिला कुणी विचारलंच नाही. परक्या घराला मूल सांभाळायला पैसे मिळतात. ते आधी आईच्या भाड्यासाठी द्यावेत.

— एक परिचारिका, विनिपेग