आई-बाबा, माझी वेळ ४ तास ८ मिनिटं

आई, बाबा,

नमस्कार. हे दादाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायलोय. तो जांबोटीला आला की त्याला रेंज येते, घरी जाऊन तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवू दे. दादा, बाबांच्या उजव्या बाजूला बस, डाव्या कानानं त्यांना आता काही ऐकू येत नाही. आणि लांब झालंय म्हणून मधलं गाळू नको.

रविवारी मुंबईतनं फोन केला तेव्हा बोललो की मॅरेथॉन झाली पूर्ण, बरा आहे, तुम्ही दोघं एकेक वाक्य बोललात आणि तेवढ्यात कट झाला. नंतर लागलाच नाही. मग परवा दादा सांगत होता की त्याच्याबरोबर पाठवलेलं मेडल आईनं देव्हाऱ्यात ठेवलंय, रोज हळदीकुंकू लावायलीय, आणि बाबा पारावर सगळ्यांना सांगायलेत की पोरगं मुंबईला जाऊन जिंकून आलं. त्या दिवसापासनं मला चैन नाही, म्हणून हे लिहायला बसलो. सेकंड शिफ्ट सुटून आता रात्रीचे बारा वाजून गेलेत, ही आणि पोरं झोपलीत.

मी जिंकलो नाही बाबा. ते मेडल शर्यत पूर्ण करणाऱ्या सगळ्यांना मिळतं, हजारो लोकांना. जिंकणारे वेगळेच असतात, इथिओपिया, केनियाची पोरं, ती दोन तास दहा मिनिटांच्या आसपास येतात, तेवढ्या वेळात मी अर्ध्याच्या जरा पुढं पोचलेला असतो. त्यांच्याशी माझी शर्यतच नव्हती. तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारलात, कितवा आलास. कुस्तीत समोर माणूस असतो, कोण पडला ते मैदानाला दिसतं, इथं माझ्यासमोर फक्त घड्याळ होतं. मला चार तासांच्या आत यायचं होतं, ३ तास ५९ मिनिटं ५९ सेकंद आले असते तरी चाललं असतं. आलो ४ तास ८ मिनिटं ४१ सेकंदांनी.

आई म्हणेल, आठ मिनिटं म्हणजे काय रे, चहा उकळायला तेवढा वेळ लागतो. म्हणून सगळं नीट सांगतो.

अंतर ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. चार तासांत बसवायचं तर प्रत्येक किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंदांत पळायला लागतो, पहिला पण आणि बेचाळिसावा पण. पहिला सगळ्यांना जमतो. बेचाळिसावा त्याच वेळात पळायचा म्हणून आदल्या पावसाळ्यापासनं पहाटे साडेचारला उठत होतो. तुम्हाला बेळगावचा पाऊस माहीत आहे, जून-जुलैत सलग आठ-आठ दिवस उन्ह दिसत नाही, बूट वाळायचे नाहीत म्हणून ही त्यात पेपर कोंबून फ्रिजच्या मागं ठेवायची आणि सकाळी तेच ओले बूट घालून बाहेर. व्हॅक्सिन डेपो, कॅम्पातले रस्ते, किल्ला तलावाच्या फेऱ्या, आणि चढाची सवय व्हावी म्हणून येळ्ळूरहून राजहंसगडावर. त्या गडाच्या शेवटच्या वळणावर मी किती वेळा कमरेवर हात ठेवून उभा राहिलोय आणि परत पळायला लागलोय ते कुणी बघितलेलं नाही. रविवारची लाँग रन जांबोटी रस्त्याला, पिरनवाडी, किणये करत. एकदा तसाच पुढं येत राहिलो तेव्हा बाबा कुसमळीच्या पुलाजवळ काठी घेऊन उभे होते, दादाच्या गाडीवर बसून आले होते, आणि हातात कागदात बांधलेला गूळ होता. बाबा, तुम्ही त्या दिवशी काही बोलला नाहीत, फक्त गूळ दिलात आणि घरापर्यंत गाडी माझ्या मागं ठेवायला लावलीत. माझ्या पूर्ण तयारीत मला सगळ्यात बळ कशानं आलं असेल तर त्यानं.

पळणारी आमची आठ-दहा जणं आहेत. निम्मी कन्नड बोलणारी, निम्मी मराठी, पळताना दम लागला की कुणाची भाषा कुठली ते राहतच नाही, चढावर सगळेच बर्री बर्री, म्हणजे या या, म्हणून एकमेकांना ओढतात. त्यातली तिघं मुंबईला होती.

शर्यत पहाटे पाचला सीएसएमटी स्टेशनसमोरनं सुटते. मरीन ड्राइव्हवर अंधार, समुद्राचा वारा, पाय अगदी हलके. चार तासांचा एक पेसर असतो, म्हणजे बरोबर चार तासांत पोचवणारा माणूस, पाठीला वेळ लिहिलेला झेंडा लावून पळतो. त्याच्या मागं आम्ही तीस-चाळीस जण. सी लिंकवर असताना तांबडं फुटायला लागलं, खाली समुद्र, पुढं नुसती माणसांची पाठमोरी रांग. अर्धं अंतर १ तास ५९ मिनिटं २० सेकंदांत झालं, अगदी ठरवल्याप्रमाणं. माहीम, शिवाजी पार्क, तिथं पण बरोबर होतो. पोटात काही गडबड नाही, मिठाचं पाणी वेळेवर, पळताना खायचं साखरेचं जेल वेळेवर. हे मुद्दाम सांगायलोय कारण दादा विचारणार की काही चुकलं काय. नाही चुकलं. मी पूर्ण विचार केलाय त्याचा.

झालं काय की मुंबईची हवा. आपल्याकडं जानेवारीत पहाटे स्वेटर घालायला लागतं, बेळगाव समुद्रापासनं साडेसातशे मीटर उंचावर, हवा कोरडी, घाम आला की लगेच उडून जातो आणि अंग गार पडतं. तिथं दमट हवेत घाम उडतच नाही, नुसता वाहतो. घाम उडाला नाही तर अंगातली गरमी बाहेर जात नाही, मग काळजाला दोन-दोन कामं, पायांना पण रक्त पोचवायचं आणि कातडीकडं पण पाठवायचं अंग गार करायला. वेग तोच ठेवला तरी ठोके वाढत जातात. आणि तीस किलोमीटरच्या आसपास अंगात साठवलेली साखर संपत आलेली असते, चरबी जाळून अंग तेवढ्या वेगानं ताकद देऊ शकत नाही. हे दोन्ही एकदम आलं. वरळीकडं येताना उन्हं वर आली होती आणि पेसरचा झेंडा पहिल्यांदा चार-पाच माणसांच्या पुढं गेला. मग दहा माणसांच्या. मी पाय टाकत होतो, पायाला सांगत होतो, खरं पाय ऐकत नव्हते. तो झेंडा मला कितीतरी वेळ दिसत होता बाबा, हळूहळू लहान होत होता, एकदम नाहीसा झाला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

पुढं पेडर रोडची चढण येते. राजहंसगडापुढं ती काहीच नाही, खरं पस्तीस किलोमीटर पायाखाली गेल्यावर येते म्हणून सगळे तिला भितात. मी ती चाललो नाही, पळलोच, हळू पळलो. तिथले लोक घरातनं बाहेर येऊन उभे असतात, संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की हातात धरून, ओळख ना पाळख. माझ्या टीशर्टवर बेळगाव लिहिलेलं बघून एक म्हातारी बाई ओरडली, अरे बेळगाव, कुंदा आणलास काय! मला त्या क्षणी रडू फुटलं आणि मी तसाच पळत राहिलो.

शेवटच्या दोन किलोमीटरला मला माहीत होतं की चार तासांत होत नाही. मनगटावर बघितलं तेव्हा ४:०० चा आकडा पुढं सरकला आणि मी अजून रस्त्यावरच होतो. तरी थांबलो नाही. फिनिश लाइन ओलांडली, मेडल गळ्यात घातलं कुणीतरी, आणि आझाद मैदानात जाऊन जमिनीवर बसलो. आमच्यातला एक शेजारी येऊन बसला, त्याची वेळ झाली होती, तो खुश असायला पाहिजे होता, खरं माझ्या पाठीवर हात ठेवून नुसतं इर्ली बिडो, म्हणजे असू दे रे, म्हणाला आणि गप्प बसला. त्याचे मी उपकार मानतो.

कारण त्यानंतर जो भेटला तो हेच म्हणाला, पूर्ण केलीस ना, तेच मोठं. हिनं पण म्हटलं, कारखान्यात पण म्हटलं, आई तू पण फोनवर तेच म्हणालीस, हातपाय धड आहेत ना मग बस्स. मायेनं म्हणताय ते मला कळतं. आणि ४२ किलोमीटर पळणं मोठं आहेच, मी ते लहान म्हणत नाही. खरं मला वाईट वाटलंय, अजून वाटायलंय, आणि ते कुणी पुसून टाकायला नको आहे.

बाबा, ते साल आठवतंय काय, भात कापून शेतात पसरलं होतं आणि दिवाळीनंतर अवकाळी आला, सगळं भिजलं, अर्ध्याच्यावर पेंढ्यांना कोंब फुटले. मी तेव्हा शाळेत होतो. तुम्ही खळ्याच्या कडेला बसून होता, जेवायला पण आला नाहीत. गल्लीतले लोक येऊन म्हणायले, एवढं तरी हाताला लागलं, देवाची कृपा. तेव्हा आजीनं सगळ्यांना बाहेर काढलं होतं, म्हणाली, त्याचं भात गेलंय, त्याला दोन दिवस बसू दे. तुम्ही बसलात आणि तिसऱ्या दिवशी उठून स्वतःच शेताकडं गेलात. मला तसं दोन दिवस बसू दे एवढंच मागायलोय. उठणार तर आहेच.

आता पारावरचं. तिथं तुम्ही मान वर करून माझं नाव घेता ते मला आवडतं, आवडत नाही असं कसं म्हणू. खरं जिंकला म्हणून सांगू नका. जिंकला म्हटलं की माझे चार तास आठ मिनिटं एक्केचाळीस सेकंद कुठंच राहत नाहीत आणि ते माझे आहेत, मी पळून आणलेत, कमी पडले असले तरी.

तुम्हाला एका माणसाबद्दल सांगायचं होतं, आमच्यातल्या एकानं मला सांगितलं आणि मी मग शोधून वाचलं. आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. १९२० साली बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिम्पिक झालं, तिथं ते मॅरेथॉन पळाले. बघा की, शंभर वर्षांच्या वर झाली. भारतातनं टीम म्हणून खेळाडू गेले ती पहिलीच खेप, दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला म्हणून जाता आलं. बेळगावचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा बोटीनं युरोपला जाऊन पळाला, आणि त्या वर्षी अंतर पण जास्त होतं, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. फिनलंडचा माणूस पहिला आला, चौगुले त्याच्यापेक्षा अठरा मिनिटं मागं होते, एकोणिसावे. त्यांची वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. आजही तशीच लिहून ठेवलेली आहे, सेकंदासकट. मेडल नाही, पहिला नंबर नाही, आणि मला ती वेळ वाचून अंगावर काटा आला. त्या जागी कुणी नुसतं छान पळाले म्हणून लिहिलं असतं तर मला त्यांच्याबद्दल काय कळलं असतं? माझी आणि त्यांची बरोबरी नाही, ते ऑलिम्पिकचे, मी उद्यमबागेत कारखान्यात सीएनसी मशीनवर उभा राहणारा. खरं वेळ खरी सांगावी एवढं त्यांच्याकडनं घेता येतंय.

तर पारावर असं सांगा: पोरगं चार तासांत यायचं म्हणून गेलं होतं, आठ मिनिटं एक्केचाळीस सेकंद कमी पडली, पुढच्या जानेवारीत परत जाणार आहे. कुणी विचारलं की मग मेडल कसलं, तर सांगा, शेवटपर्यंत पळला त्याचं. आई, ते देव्हाऱ्यात राहू दे, मला चालतं.

परत जाणार हे मी ठरवलंय आणि त्यावर आई तू काळजी करणार ते पण माहीत आहे. वय चाळिशीकडं गेलं, गुडघे, संसार, सगळं तू बोलणार. गुडघे दाखवून आलोय, डॉक्टरांनी बघून काही नाही म्हणून सांगितलंय, मांड्या नुसत्या आखडल्यात, जिना उतरताना कठडा धरायला लागतो, चार दिवसांत जाईल. ही पण हो म्हणाली. पैसे कुठनं काढायचे ते बघितलंय, ओव्हरटाइम आहे. या वेळी मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारी पण थोडं थोडं पळणार, अंगाला गरमीची सवय लागते, दहा-पंधरा दिवसांत फरक पडतो, घाम लवकर यायला लागतो आणि ठोके खाली राहतात. आणि शर्यतीच्या आधी एखादा आठवडा रजा मिळाली तर गोव्याकडं खाली उतरून समुद्राकाठी पळावं म्हणतोय, चोर्ला घाट उतरला की हवा बदलतेच.

शिमग्याला आम्ही सगळे येतोय, पोरांची परीक्षा असली तरी दोन दिवस काढतो. एका सकाळी घरापासनं कणकुंबीपर्यंत पळत जाणार आहे, माउलीचं दर्शन घेऊन परत. बाबा, दादाच्या गाडीवर बसून मागनं या, गूळ घ्या. दादा, वाचून झालं की जांबोटीला येऊन फोन कर, बाबा काय म्हणाले ते जसंच्या तसं सांग.

तुमचा
धाकटा