परप्रांतातून आलेल्या उद्योजिकेला कर्ज का नाही?

महोदय,

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराच्या वाटेवरील आमच्या गावात छत्तीसगडातून बांधकामावर मजुरीला आलेल्या एका ताईंनी विटा वाहण्यापासून घरे बांधून देण्याच्या ठेक्यापर्यंत मजल मारली आणि गावठाणातील स्वतःच्या जागेवर ताडोबाच्या पर्यटकांसाठी चार खोल्या उभारल्या. भिंतीवर नुसता तळहात ठेवून त्या ओल ओळखतात. सफारीच्या जिप्सी उजाडण्यापूर्वी निघत असल्याने पहाटे साडेचारलाच त्यांची चूल पेटते आणि नाश्त्याला त्यांच्याकडचा तांदळाचा फरा व आपला झुणका एकाच ताटात येतो. गावातील सहा बायकांना तिथे काम मिळाले आहे, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

आणखी दोन खोल्यांसाठी त्यांनी कर्ज मागितले, तेव्हा जागा त्यांच्याच नावावर असूनही एका बँकेने पतीची सही आणि मूळ गावचा दाखला मागून त्यांना चार महिने हेलपाटे घालायला लावले. ताई विधवा आहेत. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिलांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा १२ टक्क्यांच्या मर्यादेत परतावा मिळतो. पण मुळात कर्जच मंजूर झाले नाही, तर परतावा कशाचा?

शिवाय १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाच्या जंगलाचा आतला भाग, म्हणजे गाभा क्षेत्र, पर्यटकांसाठी बंद असते, म्हणून हप्ते हंगाम पाहून ठरवावेत. जिल्हा प्रशासनाने पावसाळ्यापूर्वी बँक अधिकाऱ्यांसह तालुक्यात शिबिर घ्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ता. भद्रावती, जि. चंद्रपूर