हरवलेल्या कुत्र्यामागे धावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीचे फटाके संपतात न संपतात तोच तुळशीचं लग्न लागतं आणि वरातींचे डीजे सुरू होतात. या दिवसांत विदर्भात गावोगावी पाळलेली कुत्री दावं तोडून, गळपट्ट्यातून मान काढून पळतात. असं कुत्रं दिसलं की चार पोरं मोटारसायकली काढतात, कुणी दोर घेतं, कुणी ‘यू यू’ करत मागे लागतं. मनात दयाच असते. पण घाबरलेल्या कुत्र्याचा जीव पुष्कळदा या पाठलागातच जातो. ते बेभान पळत हायवेवर जातं. नाहीतर शेततळ्यात पडतं. तिथल्या प्लास्टिकवर नखं रुतत नाहीत, त्यामुळे पोहता येणारं कुत्रंही दमून बुडतं. नाहीतर रानडुकरांसाठी धुऱ्यावर चोरून सोडलेल्या करंटच्या तारेला चिकटतं. म्हणून पहिली विनंती: मागे धावू नका, आणि हाकाही मारू नका.

हाका मारायच्या नाहीत हे मालकांना पटत नाही. पण एकटं, उपाशी भटकलेलं कुत्रं फक्त जीव वाचवण्याच्या बेतात असतं. त्याच्या लेखी प्रत्येक माणूस धोक्याचा, मालकसुद्धा. आवाज ओळखीचा असूनही ते पळतं, आणि दर वेळी पळवलं की मुक्काम आणखी लांब हलवतं. मालकाने ते दिसताच जागीच खाली बसावं, त्याच्याकडे कूस करावी, नजर जमिनीवर ठेवावी, खाण्याचे तुकडे आजूबाजूला टाकावेत आणि गप्प राहावं. खरी ओळख वासाने पटते. वारा कुत्र्याच्या दिशेने वाहत असेल तर लवकर, नाहीतर तासभरही लागतो. इतरांनी फक्त फोटो, वेळ आणि कुत्रं कुठल्या दिशेला गेलं एवढं कळवावं. सध्या तूर डोक्याइतकी उभी आहे, त्यामुळे दिवसा शोधून काही उपयोग नाही. ते तुरीत दडून बसतं आणि झुंजूमुंजू किंवा दिवेलागणीलाच बाहेर येतं.

मात्र प्रत्येक मोकळं कुत्रं हरवलेलं नसतं. कानाला छोटा काप असेल तर ते नसबंदी झालेलं, आपल्या भागात राहणारं कुत्रं आहे. त्याला उचलून नेणं म्हणजे त्याचं घर मोडणं. गावातलं कुत्रं ठरावीक दारं, ठरावीक माणसं धरून असतं. हरवलेलं कुत्रं रस्त्याच्या कडेने एका रेषेत चालत राहतं, इतर कुत्री त्याला हाकलतात, आणि मानेवर पट्ट्याने झिजलेल्या केसांचा पट्टा दिसतो.

मुक्काम कळला की रोज ठरल्या वेळी एकाच माणसाने एकाच जागी खाणं ठेवावं. कोंबडी उकडलेल्या पाण्यात भिजवलेली भाकर आणि वर आठवडी बाजारातली मूठभर सुकट पुरते. तिचा वास लांब जातो. शेजारी घरची न धुतलेली चादर ठेवावी. भांड्याभोवती चाळलेली राख पसरली की सकाळी पंजे मोजता येतात. नखं उमटली असतील तर कुत्रं, नसतील तर मांजर. नखांविना पंजा मोठा असेल तर बिबट समजून जागा लगेच बदलावी.

यानंतर पिंजरा. गावातला वेल्डिंगवाला तो सहज करून देतो. मध्यम कुत्र्यासाठी चार ते साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. जाळी एक इंचाची घ्यावी. त्याहून मोठ्या भोकात पंजा आणि दात अडकून तुटतात. पाय पडताच दार पाडणारी पट्टी अगदी मागच्या टोकाला हवी, नाहीतर दार कुत्र्याच्या पाठीवर पडतं आणि निसटलेलं कुत्रं पुन्हा पिंजऱ्याकडे फिरकत नाही. तळाला माती किंवा बारदान टाकावं, कारण उघड्या जाळीवर ते पाय ठेवत नाही. घाई केली की सगळं इथेच बिघडतं. पहिले दोन-तीन दिवस दार तारेने बांधून उघडंच ठेवावं आणि खाणं रोज वीतभर आत सरकवत न्यावं. कुत्रं पूर्ण आत जाऊन निवांत खाऊ लागलं की मगच दार मोकळं सोडावं. लावलेला पिंजरा नजरेआड ठेवायचा नाही, उन्हात तर मुळीच नाही. दार पडलं की ताबडतोब वरून बारदान टाकावं. अंधार झाला की धडपड थांबते. पिंजरा उघडायचा तो बंद खोलीत नेऊनच, अंगणात नाही.

मासे धरायच्या जाळ्याने पकडणं किंवा लांबून भुलीचं इंजेक्शन मारणं हे उपाय सर्रास सुचवले जातात. जाळ्यात कुत्रं स्वतःला आणि माणसाला फाडतं. भूल चढायला काही मिनिटं लागतात, तेवढ्यात ते दूर जाऊन नाल्यात किंवा रस्त्यावर कोसळतं. हा निर्णय पशुवैद्यकाचाच.

आता तात्पुरत्या सांभाळाबद्दल. खोली लहान, पक्क्या छताची असावी. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये. भिंतीला बाज लावून त्यावरून जमिनीपर्यंत चादर सोडली की दडायला जागा होते. तिथून कुत्र्याला कधीही ओढून काढू नये. खोलीचं दार आणि घराचं दार एकाच वेळी उघडं राहणार नाही, हा नियम घरातल्या लहान पोरांनाही पाठ हवा. पहिल्या दिवसांत निसटलेलं कुत्रं सापडणं फार कठीण, कारण त्याला ना तुमचं घर माहीत, ना गाव. बाहेर न्यायची वेळ आलीच तर छातीपट्टा आणि गळपट्टा, दोन्हींना वेगवेगळे दोर, आणि एक दोर कमरेला बांधलेला. गळपट्टा दोन बोटं जातील एवढाच सैल. कुत्रं मागे रेटा देतं तेव्हा सैल पट्टा डोक्यावरून सहज निघतो.

पहिल्याच दिवशी आंघोळ नको, पाहुणे नकोत, कुरवाळणं नको. भुकेने हाडं वर आलेल्या कुत्र्याला पोटभर वाढणंही नको. अशा शरीरात एकदम भात-भाकरी गेली की रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने घसरतं आणि खाऊनही कुत्रं दगावतं. पहिल्या दिवशी नेहमीच्या खुराकाच्या पाव ते एक तृतीयांश एवढंच, तेही चार-पाच वेळा विभागून. त्यात उकडलेलं अंडं किंवा कोंबडी जास्त, भात कमी. मग आठवडाभरात हळूहळू वाढवावं. दूध नको, जुलाब होतात. कांदा-लसणाचं वरण तर अजिबात नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पाणी मात्र कायम समोर हवं.

कोपऱ्यात निपचित पडलेलं कुत्रं घाबरलेलं आहे की आजारी? रात्री खाणं ठेवून खोली बंद करावी. घाबरलेलं कुत्रं एकटं असताना खातं, सकाळी भांडं रिकामं मिळतं. आजारी कुत्रं तेव्हाही तोंड लावत नाही. हिरड्या पांढुरक्या असतील, नाकातून रक्त येत असेल, ताप १०३ अंश फॅरेनहाइटच्या वर असेल, तर आपल्याकडे पहिला संशय गोचीडतापाचा घ्यावा आणि त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठावा. गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ उपटावी आणि स्पिरिटमध्ये टाकावी, बोटाने चिरडू नये. कपाशीवर फवारायचं औषध अंगावर ओतणं, खरजेला जळकं ऑइल फासणं, दुखतंय म्हणून माणसाची वेदनाशामक गोळी देणं, या तिन्ही गोष्टींनी कुत्री मरतात. अंगाला लावलेलं कुत्रं चाटतं आणि विष पोटात जातं. घरात दुसरं कुत्रं असेल तर निदान दोन आठवडे दोघांची खोली आणि भांडी वेगळी.

विश्वास बसण्याचा भाग सगळ्यात सावकाश चालतो, आणि लोक नेमके इथेच थकतात. रोज दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं खोलीत जाऊन जमिनीवर पाठमोरं बसावं आणि हळू आवाजात पेपर वाचावा. हरभऱ्याएवढे कोंबडीचे तुकडे टाकावेत, पण आपल्याकडे बोलावणारे नाहीत, तर कुत्र्याच्या मागच्या बाजूला पडतील असे. आमिषाने जवळ ओढलेलं कुत्रं तुकडा तोंडात येताच भानावर येतं, आपण माणसाच्या किती जवळ आलो हे त्याला दिसतं आणि ते दचकतं. तुकडा मागे पडला की ते दूर जातं, मोकळा श्वास घेतं आणि मग स्वतःहून एक पाऊल पुढे येतं. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसणं, अंग ताठ होणं म्हणजे ‘पुरे’. तिथेच थांबायचं. गुरगुरलं तर रागवायचं नाही. गुरगुरणं बंद पाडलेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. पहिला स्पर्श डोक्यावर नको, छातीच्या बाजूला, तीन सेकंद, आणि हात मागे. त्याने पुन्हा अंग पुढे केलं तरच दुसऱ्यांदा. कुशीवर पसरून झोपणं, उठल्यावर आळस देणं, अंग झाडणं ही प्रगतीची खरी चिन्हं. शेपूट हलली म्हणून खूश होऊ नये, घाबरलेली शेपूटही हलते. साधारण तीन दिवस धसका उतरायला, तीन आठवडे घराची रीत कळायला आणि तीन महिने स्थिरावायला धरावेत. वरात आली की खिडकी बंद, पंखा आणि रेडिओ चालू, आणि आपण शेजारी गप्प बसून.

चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी, हळद-तिखट भरू नये, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सुरू करावी. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या रेबीजविरोधी सीरमबद्दल स्वतःहून विचारावं. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवावी, पण लस त्यासाठी थांबवू नये. जबडा लोंबणं, आवाज बदलणं, तोल जाणं, गिळता न येणं ही भीतीची लक्षणं नव्हेत. अशा कुत्र्याजवळ कुणीही जाऊ नये. नेहमी सांभाळ करणाऱ्यांनी आधीच रेबीजच्या प्रतिबंधक लसी घेऊन ठेवाव्यात.

ग्रामपंचायतींना एकच मागणी आहे. मोठ्या गावाने एक पिंजरा करून घ्यावा आणि तो मागेल त्याला, नाव लिहून, फुकट द्यावा. हरवल्याची आणि सापडल्याची सूचना भोंग्यावरून द्यावी, मात्र पिंजरा लावलेल्या जागेचं नाव घेऊ नये. गर्दी जमली की मेहनत वाया जाते.

आणि आपल्या दैनिकाला विनंती, तालुका पानावर सापडलेल्या कुत्र्यांची माहिती आठवड्यातून एकदा विनामूल्य छापावी. त्यात रंग, अंदाजे वय, सापडल्याचं गाव आणि तारीख असावी, पण एक खूण, जसं पोटावरचा डाग किंवा तुटलेला दात, मुद्दाम गाळावी. कुत्रं न्यायला येणाऱ्याने ती स्वतः सांगितली पाहिजे.

आपले,
भटकलेल्या कुत्र्यांचा तात्पुरता सांभाळ करणारे काही वाचक,
ता. आर्वी, जि. वर्धा