लागलीय की नुसती घेतोय?

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर विचारलंस, "पप्पा, पोरगं हौसेनं पितंय की त्याला लागलीय, हे ओळखायचं कसं?" मेडिकलात गर्दी होती, तुझे काका शेजारीच उभे होते, म्हणून "बघू" म्हणून ठेवून दिला. आता शटर ओढून लिहितोय. तो तुझा रूम पार्टनर आहे की आणखी कोण, ते विचारत नाही. तू स्वतः असतास तरी हेच लिहिलं असतं.

किती पितो ते मोजत बसू नकोस. मिळाली नाही तर त्याचं काय होतं, ते बघ. पूर्वी दोन पेगात आडवा होणारा आता क्वार्टर मारून सरळ चालतो आणि पोरं म्हणतात, "काय कपॅसिटी हाय भावा!" मला हे कौतुकच सगळ्यात जास्त खटकतं. शरीर सरावलं, एवढाच त्याचा अर्थ. सरावलेलं शरीर मग मागायला लागतं. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं आणि घोटभर पोटात गेली की सगळं थांबतं. हे दिसलं तर प्रकरण हौसेच्या बरंच पुढं गेलंय. (नुसत्या थरथरीवरून निकाल लावू नकोस. थायरॉईडनंही हात कापतात.)

१९८४ साली डॉ. जॉन इविंग या मानसोपचारतज्ज्ञांनी चार प्रश्न छापले होते. कमी करायला हवी, असं वाटलंय का? कोणी टोकलं तर राग येतो का? पिण्याबद्दल मनाला खातं का? सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का? दोन उत्तरं 'हो' आली तर डॉक्टर गाठायचा. पण ते त्याचे त्यानं स्वतःला विचारू देत. तू फौजदारासारखे विचारलेस तर चारही 'नाही'च येतील.

काउंटरच्या आतून मला वेगळंच दिसतं. झोपेच्या काही गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध हे सरकारच्या एच-१ या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, रजिस्टरात पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. खरंच खोकणारा माणूस "दुसरं काही चालेल का?" विचारतो. लागलेला त्याच बाटलीवर अडून बसतो, बिल नको म्हणतो, घड्या पडून फाटलेली जुनी चिठ्ठी पुढं करतो आणि नाही म्हटलं की आवाज चढवतो.

आपल्याकडं तालमी आणि जिमचा नाद मोठा, त्यात पोलीस भरतीची घाई. त्यामुळं काही पोरं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन मागतात. ऑपरेशनच्या टेबलावर बीपी पडलं तर ते वापरतात. ही पोरं व्यायामाआधी टोचून घेतात. छाती धडधडते, झोप उडते आणि पुढं त्याशिवाय वजन उचलावंसंच वाटत नाही. दारूचा वास तरी येतो, याचा येत नाही. त्यामुळं दंडावरची टोचल्याची खूण, बॅगेतली सिरिंज, यावर लक्ष ठेव.

गांज्यानं डोळे लाल होतात, म्हणून खिशात डोळ्यांचे थेंब सापडतात. एमडी म्हणजे मेफेड्रोनची पावडर घेणारा रात्र-रात्र जागतो, जेवत नाही, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या दिसतात, दात आवळतो आणि मग दिवसभर मढ्यासारखा पडून राहतो. पण शरीराच्या खुणा बऱ्याचदा उशिरा दिसतात. आधी हिशेब बिघडतो. फी भरायला घेतलेले पैसे, "मोबाईल हरवला", रोज नवीन उधारी, जुने मित्र सुटणं, लेक्चर बुडणं आणि साध्या प्रश्नाला खोटं उत्तर. यातलं एखादं कुणाच्याही बाबतीत घडतं, नैराश्यातही घडतं. सगळं एकदम आणि वाढत चाललं असेल तर मात्र बघायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो रोज पिणारा असेल तर चार मित्रांनी मिळून त्याला खोलीत कोंडून "आजपासून बंद" असलं काही करू नका. रोजची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. यात जीवही जातो. डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं देऊन ती सोडवतात. फिट आली किंवा बरळायला लागला तर सरळ १०८ ला फोन कर.

एरवी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे. पुण्यातच मुक्तांगण आहे, १९८६ पासून तेच काम करतात. बोलायचंच असेल तर तो शुद्धीत असताना, एकट्यानं बोल. "तू दारुडा आहेस" म्हणू नकोस, "मंगळवारी तू परीक्षा बुडवलीस, मला काळजी वाटली" असं म्हण. आणि त्याची उधारी तू फेडायची नाही, वॉर्डनपुढं त्याच्यासाठी खोटं बोलायचं नाही.

तो तयार झाला तर सुट्टीत इकडं घेऊन ये. आईला फक्त मित्र येतोय म्हणून सांग, ती तांबडा-पांढरा रस्सा करेल. इथं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, मी सोबत येईन. केसपेपरला रांग असते, तेव्हा आदल्या रात्रीच पोहोचा.

तुझे,
पप्पा