राजनय शिकू पाहणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पदव्युत्तर शिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय संबंध आणि राजनय घ्यावं का, असं विचारलं आहेस. जरूर घे. फक्त राजदूत व्हायचं एवढ्याच हेतूने घेत असशील, तर थांब. अनेक देशांत परराष्ट्र सेवेसाठी स्पर्धा परीक्षाच द्यावी लागते आणि ही पदवी त्यातून सूट देत नाही. पण समोरचा देश असा का वागला, हा प्रश्न तुला स्वस्थ बसू देत नसेल, तर हा अभ्यास तुझ्यासाठीच आहे.

पहिल्या सेमिस्टरला सिद्धांतांचा भडिमार होईल. वास्तववाद (देश सत्ता आणि सुरक्षेसाठी झगडतात), उदारमतवाद (संस्था आणि व्यापारातून सहकार्य जमतं), रचनावाद (देशांचे हितसंबंध कल्पना आणि ओळखीतून घडतात). बरीच मुलं महिन्याभरात एक वाद पकडतात आणि पुढे प्रत्येक निबंधात त्याचीच वकिली करतात. तू घाई करू नकोस. एक घटना घे आणि तिच्यावर हे सगळे वाद लावून बघ.

माझ्यासाठी ती घटना होती ऑक्टोबर १९६२ चा क्युबा पेचप्रसंग, म्हणजे सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आणल्यावरून अमेरिकेशी झालेला संघर्ष. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ ग्रॅहम अ‍ॅलिसन यांनी १९७१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि एकाच घटनेकडे तीन बाजूंनी पाहिलं: राष्ट्र म्हणजे एकच विचारी व्यक्ती, राष्ट्र म्हणजे ठरलेल्या पद्धतीने चालणारी खाती, आणि राष्ट्र म्हणजे आपापसांत ओढाताण करणारे अधिकारी. दुसरी बाजू वाचताना मी अक्षरशः उठून बसलो. सोव्हिएत तुकड्यांनी क्युबातले क्षेपणास्त्रतळ मायदेशातल्या नेहमीच्या आराखड्यानुसारच बांधले, नीट झाकलेही नाहीत. त्यामुळे अमेरिकेच्या यू-२ या हेरगिरी विमानाने काढलेल्या छायाचित्रांत ते ओळखता आले. एवढी गुप्त मोहीम, आणि ती उघडी पडली खात्याच्या सवयीमुळे!

शेवट तर त्याहून विचार करायला लावणारा. २७ ऑक्टोबरला अमेरिकी अध्यक्ष जॉन केनेडी यांचे भाऊ आणि अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. तुर्कस्तानातली अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेऊ, पण याची जाहीर वाच्यता नको, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी क्युबातली क्षेपणास्त्रं मागे घेण्याची घोषणा केली. ही देवाणघेवाण वर्षानुवर्षं दडून राहिली आणि अध्यक्ष केनेडींच्या ठामपणापुढे ख्रुश्चेव झुकले, असंच जग समजत राहिलं. त्या समजुतीवर पुढे किती जणांनी धोरणाचे धडे काढले असतील, याचा विचार मला अजून छळतो. म्हणून तुला कळकळीने सांगतो, मूळ कागद वाच. तारा, टिपणं, बैठकींचे वृत्तान्त. प्रतिस्पर्ध्याला तोंड दाखवायला जागा ठेवणं ही या विद्येतली सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ती त्या कागदांतच नीट दिसते.

कायद्याला घाबरू नकोस. राजनैतिक संबंधांविषयीचा १९६१ चा व्हिएन्ना करार अवघ्या ५३ कलमांचा आहे, एका दुपारी वाचून होतो. कलम ९ नुसार यजमान देश कारण न देता एखाद्या मुत्सद्द्याला नकोसा ठरवू शकतो. कलम २२ नुसार दूतावासाच्या प्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाचे पोलीस आत पाऊल टाकू शकत नाहीत. एवढे बलाढ्य देश हे बहुधा का पाळतात? कारण त्यांची स्वतःची माणसंही दुसऱ्यांच्या राजधान्यांत राहत असतात.

वाटाघाटी शिकायच्या तर संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याविषयीच्या तिसऱ्या परिषदेचा इतिहास घे. १९७३ पासून १९८२ पर्यंत ती चालली. किनारी देशांना १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र (किनाऱ्यालगतचा, त्या देशाच्या हद्दीतला पट्टा) हवा होता. पण तो मान्य केला की कितीतरी सामुद्रधुन्या कुणाच्या ना कुणाच्या हद्दीत जाणार, हे मोठ्या आरमारांना परवडणारं नव्हतं. तोड अशी निघाली की १२ मैल मान्य, पण आंतरराष्ट्रीय सामुद्रधुन्यांतून जाण्याचा हक्क अबाधित. या दोन मुद्द्यांवर वेगवेगळं मतदान घेतलं असतं तर दोन्ही पडले असते, असं मला वाटतं.

अर्थशास्त्र आणि संशोधनपद्धती कंटाळवाणे वाटले तरी सोडू नकोस. एक परकी भाषा आतापासूनच सुरू कर, नंतर वेळ मिळत नाही. आणि प्रबंधाचा विषय छोटा घे. ‘महासत्तांचे संबंध’ नको. एखादा करार, त्यातलं एखादं कलम, ते तसं का झालं, एवढं पुरे.

दोन-तीन विषय सुचले तर कच्चेच पाठव. त्यांवर मनसोक्त भांडू.

तुझाच,
मित्र