रॅमचा घोळ आधी सोडव, विंडोज नंतर

प्रिय मित्रा,

तुझा कॉम्प्युटर सारखा कोसळतो म्हणून आता पुन्हा विंडोज टाकत बसू नकोस. निळी स्क्रीन दर वेळी वेगळंच कारण दाखवते, कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल' असा एरर. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा जुळत नाही) येतो आणि तीच फाइल दुसऱ्यांदा बिनबोभाट उघडते. हा रॅमचाच, म्हणजे कॉम्प्युटरच्या कामचलाऊ मेमरीचाच, त्रास वाटतो. फाइल डिस्कवर जाते ती रॅममधूनच, त्यामुळे विंडोज टाकतानाच खराब होत असणार. तूर्त घरचे फोटो आणि ऑफिसचं काम या मशीनवर ठेवूच नकोस.

तुझ्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरवर १६ जीबीच्या रॅमच्या चार स्टिक (पट्ट्या), त्याही नागपूरच्या बर्डी बाजारातून दोनदा आणलेल्या दोन किटमधल्या, म्हणजे दोन-दोन स्टिकच्या खोक्यांमधल्या. माझा पहिला संशय इथेच. या प्रोसेसरला एएमडीने दोन स्टिकसाठी ५२०० एमटी/सेकंदचा वेग दिलाय आणि चार स्टिकसाठी फक्त ३६००. एक्स्पोचे (रॅम जास्त वेगाने चालवायच्या तयार सेटिंगचे) ६००० म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच, ठरवून दिलेल्या वेगाच्या वर पळवणं. खोक्यावरचा आकडा त्या एका किटपुरता असतो. मॉडेल नंबर तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, आणि दोन किट एकत्र कुणी तपासलेले नसतात.

बायॉस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून डिफॉल्ट सेटिंग लोड कर, म्हणजे एक्स्पो बंद होईल. बायॉसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअरही बंद ठेव, नाहीतर बोर्ड जुन्याच ट्रेनिंगवर, म्हणजे रॅमशी आधी जुळवलेल्या सेटिंगवर, चालत राहतो. यानंतर स्क्रीन काही मिनिटं काळी राहील. चार स्टिक असल्या की जास्तच वेळ लागतो. घाबरून बटण दाबू नकोस, ट्रेनिंग पूर्ण होऊ दे. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्राम रात्रभर चालव. लाल रंगात एक जरी एरर दिसला तरी रॅम नापास. 'एकच तर आहे' म्हणून सोडायचं नाही.

डिफॉल्टवरही एरर आले तर एकच स्टिक ठेव, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ मध्ये. चारही स्टिक त्याच स्लॉटमध्ये आळीपाळीने तपास. एकच नापास झाली तर ती बदलून घे, लाल ओळींचा फोटो दुकानदाराला दाखव. पण स्टिक किटमधल्या आहेत, म्हणून त्या किटच्या दोन्ही परत दे, एकटी नको. सगळ्याच नापास झाल्या तर दोष बोर्डात, प्रोसेसरमध्ये किंवा सॉकेटमध्ये. एएम५ च्या, म्हणजे तुझ्या प्रोसेसरच्या सॉकेटच्या, पिना बोर्डावर असतात. प्रोसेसर काढून टॉर्च तिरका धर, वाकलेली पिन वेगळी चमकते. परत बसवताना प्रोसेसरच्या कूलरचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, आलटूनपालटून, थोडेथोडे आवळ.

डिफॉल्टवर स्वच्छ आणि एक्स्पोवर नापास, ही शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. तसं असेल तर एकाच किटच्या दोन स्टिक ए२ आणि बी२ मध्ये लावून ६००० तपास. ६४ जीबी हवीच असेल तर ३२ जीबीच्या दोन स्टिकचं एकच किट घे. चारही ठेवायच्या असतील तर वेग खाली आणायची तयारी ठेव. व्होल्टेज वाढवून ६००० ओढायला जाऊ नकोस. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं) १.३ व्होल्टच्या वर न्यायचंच नाही, २०२३ मध्ये काही रायझन प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने ती मर्यादा घातली आहे. आणि तुझ्या डीडीआर५ रॅममध्ये ईसीसी (चूक सुधारण्याची सोय) असते म्हणून निर्धास्त राहू नकोस. ती चिपच्या आतली चूक सुधारते, स्टिक ते प्रोसेसर या वाटेवरची नाही.

आता नागपूरचा उन्हाळा. रात्री पास झालेली रॅम मेमध्ये दुपारी, बाहेर ४५ अंश असताना, गेम खेळताना कोसळू शकते. गरम झालं की मेमरीच्या पेशींतला चार्ज लवकर गळतो, त्यात ग्राफिक्स कार्डची झळ थेट रॅमवर येते. म्हणून दुपारीही एक टेस्ट हवी: विंडोजमध्ये टेस्टमेम५ हा रॅम तपासणारा प्रोग्राम आणि सोबत ग्राफिक्स कार्डावर लोड. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये प्रत्येक स्टिकचं तापमान दिसतं, ते ५५-६० अंशांच्या पुढे गेल्यावरच एरर येत असतील तर आधी कॅबिनेटची हवा सुधार, रॅमवर एक पंखा येऊ दे. पण खोलीतल्या कूलरची ओली हवा कॅबिनेटवर सोडू नकोस.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. दोन्ही टेस्ट पास झाल्या की मगच विंडोज नव्याने टाक. सध्याच्या विंडोजमधल्या नेमक्या कुठल्या सगळ्या फाइल बिघडल्यात ते खात्रीने कळायला मार्ग नाही.

बायॉसचं व्हर्जन, दोन्ही किटचे पूर्ण पार्ट नंबर आणि दुपारच्या टेस्टमधलं तापमान मला कळव.

तुझाच
मित्र